शोभनाकाकूंचा आग्रह

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या वसाहतीत नवीन आलेल्या मराठी मुलाला जुनी मुलं दोन गोष्टी आधी सांगत. पहिली, सोशल सिक्युरिटी नंबरचं काम लवकर उरकून घे. दुसरी, शोभनाकाकूंनी जेवायला बोलावलं तर सकाळपासून पोटात काही टाकू नकोस. पहिली गोष्ट विसरली तरी निभावून जाई. दुसरी विसरणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे.

काकू म्हणजे तिथे नोकरीला असलेल्या शंतनूच्या आई. मूळच्या जळगावच्या. यजमान मनोहरराव गेल्यापासून वर्षातले सहा महिने मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनात आणि सहा महिने जळगावात. उंची बेताची, आवाज घसघशीत, आणि वाढण्याच्या बाबतीत दयामाया शून्य. आपल्याकडे नको असलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो. काकू तो हात डाव्या हाताने अलगद उचलून बाजूला ठेवत आणि उजव्या हाताने वाढत. त्यांच्या मते पहिलं 'नको' म्हणजे संकोच, दुसरं 'नको' म्हणजे शिष्टाचार, आणि तिसऱ्या 'नको'ला माणूस खरं बोलू लागतो. पण तोवर पुरणपोळी पानात पडलेली असे. कागदी प्लेटा वजनाने मधोमध दुमडत, पोरं दोन्ही हातांनी सावरत, आणि काकू म्हणत, "खा रे, वाळलात नुसते पिझ्झे खाऊन."

याला कारण होतं, आणि ते फार जुनं होतं. लग्न होऊन काकू सासरी आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात घरी सासऱ्यांचे एक मावसभाऊ आले. एस.टी. स्टँडवरून भर दुपारी चालत आलेले. नव्या सुनेने दुसरी भाकरी पुढे केली, ते "पुरे" म्हणाले, आणि सून बिचारी खरं मानून परत फिरली. पाहुणे गेल्यावर सासूबाई ओरडल्या नाहीत, नुसतं एवढंच म्हणाल्या, "पाहुणा उपाशी उठवलास." चौदा माणसांच्या घरात हे वाक्य वर्षभर पुरलं. त्यानंतर काकूंनी कुणाच्या 'पुरे'वर म्हणून विश्वास ठेवला नाही. जित्याची खोड, ती विमानात बसून अमेरिकेलाही आली.

खोडीबरोबर आला खलबत्ता. लोखंडी, काळाकुळकुळीत, चांगला सहा-सात किलोचा. जळगावच्या बाजारातून काकूंनी स्वतः ठोकून-वाजवून घेतलेला. विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने तो वर काढून विचारलं, हे काय? काकू म्हणाल्या, "चटणी." त्याला काय कळलं कोण जाणे, पण सोडलं. त्या खलबत्त्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर अख्खी वसाहत जीव टाकत असे.

आता शंतनूचं वेड सांगायला हवं. लोक गोल्फ शिकतात, टेनिस शिकतात; हा हेलिकॉप्टर चालवायला शिकत होता. लहानपणी कुठलेसे मंत्री जळगावच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरले, सगळ्या गावाच्या डोळ्यांत धूळ गेली, आणि शंतनूच्या डोक्यात ते यंत्र. दोन हजार एकच्या विमानहल्ल्यांनंतर परदेशी माणसाला इथे उडायला शिकायचं म्हणजे सरकारी परवानगी, बोटांचे ठसे, महिनोन्‌महिने वाट पाहणं. त्याने ते सगळं केलं. त्याची बायको प्रतिमा म्हणायची, "माझ्याशी लग्न करताना एवढे पेपर्स नव्हते भरले." शनिवार-रविवार तो गावाबाहेरच्या एका लहानशा विमानतळावर जायचा. तिथलं ते शिकायचं हेलिकॉप्टर काकूंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना हसूच आलं. रिक्षाला दारं लावावीत आणि वर पंखा बसवावा, एवढंसं ते. माणसं दोन मावणार, सामान मावलंच तर आसनाखालच्या खोक्यात.

ते एवढंसं म्हणूनच वजनाला फार जपायचं. उडण्याआधी माणसाचं वजन विचारायचे, इंधनाचं धरायचे, बेरीज करायचे. शंतनूने त्यापायी जेवण तोडलं. दोन पोळ्यांवर हात आडवा. काकूंनी हात उचलायला जावं तर खरंच रागवायचा, "आई, प्लीज. मी वेट वॉच करतोय." माणसाला जेवू न देणारं हे कसलं मेलं यंत्र, म्हणून काकू हळहळत. आणि मग डाळीत, भातात, पोळीच्या आतल्या पदरात गुपचूप तूप सोडत. पोरगं म्हणे, "दोनच खातो तरी वजन उतरत का नाही?" काकू म्हणत, "हाडंच जड तुझी. तुझ्या बाबांवर गेलास."

शिकवणाऱ्या मुलाचं नाव वेस्ली. वय जेमतेम पंचविशीचं, उंच, अंगावर मांस नाही, आणि सगळ्यांना सर नि मॅम म्हणणारा. त्याला पुढे रुग्णांना वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरवर नोकरी हवी होती, म्हणून शिकवता शिकवता उड्डाणाचे तास जमवत होता. शंतनूने त्याला एकदा जेवायला आणलं. दोन पुऱ्या खाऊन वेस्ली म्हणाला, "नो, थँक यू, मॅम," आणि विषय संपला असं समजून खुर्चीला टेकून बसला. काकूंनी त्याचा हात धरून बाजूला ठेवला आणि दोन पुऱ्या घातल्या. पोराने गोंधळून शंतनूकडे पाहिलं. सगळे हसले.

"त्याला सांग रे," काकू म्हणाल्या, "प्रेमाने दिलेलं नाकारायचं नसतं. देणाऱ्याला लागतं."

शंतनूने सांगितलं. वेस्लीने मान डोलावली, चारही पुऱ्या संपवल्या. नंतर तो अनेकदा आला. मॅमचं काकू झालं. अंगठा आणि बोट जवळ आणून तो "काकू, थोडं" म्हणायला शिकला, आणि ते थोडं कधीच थोडं नसतं हेही शिकला. पण नको म्हणायचं त्याने कायमचं सोडलं. काकूंना त्याचं फार कौतुक. म्हणत, "आपली पोरं हात आडवे घालतात, आणि हा गोरा बघा कसा शहाणा आहे."

वेस्लीची आई डॉटी दोन तासांवरच्या शेतावर राहायची. रताळ्यांची शेती. काकूंनी वेस्लीबरोबर तिला शेवेचा डबा पाठवला; तो रताळी भरून परत आला. काकूंना आनंदाचं भरतं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे या बाईला कुणी न सांगता कळतं म्हणजे चांगल्या घरची आहे! मग डब्यांची जी ये-जा सुरू झाली, ती काही थांबेना. एकदा डॉटी स्वतः मॉरिसव्हिलला जेवायला आली. काकू चटणी कुटत होत्या. डॉटीने त्यांच्या हातून बत्ता घेतला आणि शेतावरच्या दणकट हातांनी असे घाव घातले की खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला. दोघी पोट धरधरून हसल्या. जाताना डॉटीने खलबत्त्यावरून हात फिरवला. तो हात काकूंच्या लक्षात राहिला.

दोन हजार सहाच्या जुलैत डॉटीला साठ वर्षं पूर्ण होत होती. त्याच शनिवारी वेस्ली आणि शंतनू लांबच्या सरावासाठी तिच्या शेताजवळच्या धावपट्टीपर्यंत उडत जाणार होते. साठी! आपल्याकडे साठीशांत करतात, आणि इथे पोरगा आईकडे रिकाम्या हाताने जाणार? काकूंनी ठरवून टाकलं. खलबत्ता द्यायचा. आपला स्वतःचा. तीस-बत्तीस वर्षांचा जिन्नस हातचा सोडताना जीव तुटला, पण तुटल्याशिवाय देण्यात काय गंमत?

शंतनूला सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. म्हणून सांगितलं नाही. कापडी पिशवीच्या तळाशी खलबत्ता, त्यावर लोणच्याची बरणी, त्यावर चिवडा, आणि सगळ्यात वर चकल्या.

निघायचं सकाळी गारव्यात ठरलं होतं. वेस्ली शंतनूला घ्यायला आला, आणि काकूंनी कढई चढवली. श्रीखंड-पुरी. आज आईचा वाढदिवस, असं कोरडं कसं जाऊ द्यायचं? वेस्ली एकदा घड्याळाकडे बघून "काकू, ऊन—" एवढं म्हणाला, आणि पानात गरम पुरी पडली. तो हसला आणि खाऊ लागला. उठेपर्यंत बाहेर जुलैचं ऊन फटफटीत पडलं होतं.

"आई, या पिशवीत काय आहे? वजन किती आहे हिचं?" शंतनूने दारात विचारलं.

"काय मेलं वजन! चार चकल्या आहेत."

आणि ते पटावं म्हणून काकू पिशवी एका हातात घेऊन जिना उतरल्या. दंडाची शीर तटतटली होती, पण चेहरा हसरा. काकू आणि प्रतिमा निरोप द्यायला म्हणून पिशवीसकट दुसऱ्या गाडीतून विमानतळावर गेल्या. तिथे वेस्ली पिशवी घ्यायला पुढे झाला. ती हातात पडताच त्याचा खांदा किंचित झुकला, आणि त्याने काकूंकडे पाहिलं. त्या घाईने म्हणाल्या, "फॉर मम्मी! लव्ह!" वेस्ली हसला, वळला, आणि त्याने पिशवी आपल्या आसनाखालच्या खोक्यात ठेवली. तरुण पोरगा, त्याला काय जड, असं म्हणून काकूंनी मनाची समजूत घातली.

तारेच्या कुंपणापाशी त्या आणि प्रतिमा उभ्या राहिल्या. पंखा फिरू लागला, गवत आडवं झालं. हेलिकॉप्टर हातभर उचललं गेलं आणि तिथेच थरथरत राहिलं. मग नाक खाली करून पुढे सरकलं. शंतनू चालवत होता. काकूंनी हात हलवला. पुढे झाडांची रांग होती, आणि ते तिच्या वर जायला हवं होतं, पण जाईना. उलट खाली बसू लागलं. एक बारीक, चिरका भोंगा ऐकू आला. काकूंना वाटलं, पोरं भोंगा वाजवून टाटा करताहेत. त्यांनी आणखी जोरात हात हलवला. मग शेपूट गरकन फिरलं, एक बाजू गवताला टेकली, आणि ते यंत्र डाव्या कुशीवर आपटलं. पंख्याचे तुकडे उडाले. काकूंचा हात वरच राहिला होता. प्रतिमा किंचाळत धावत सुटली तेव्हा कुठे त्यांनी तो खाली घेतला.

आग लागली नाही, एवढीच देवाची कृपा. शंतनूचं गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. यंत्र ज्या बाजूवर पडलं, ती वेस्लीची. त्याच्या पाठीचा कणा दुखावला. शस्त्रक्रिया झाल्या. चालेल, डॉक्टर म्हणाले, काठीने का होईना चालेल. पण हेलिकॉप्टर चालवणं आता विसरायचं.

हॉस्पिटलच्या बाकावर काकू बसल्या होत्या तेव्हा डॉटी आली. शेतावरच्या कपड्यांतच आलेली. ती काकूंच्या समोर उभी राहिली आणि तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. काकूंना इंग्रजी बोलता येत नसे, पण कळत बऱ्यापैकी असे. त्या दिवशी सगळं कळलं, एक शब्द सुटला नाही. डॉटी म्हणत होती, मला माफ करा. माझ्या मुलाच्या हलगर्जीपणामुळे तुमच्या मुलाचा जीव जाता जाता राहिला. दहादा तपासून बघ, असं त्याला लहानपणापासून सांगत आले. सामानाचं वजनसुद्धा नीट धरलं नाही म्हणे त्याने. माझ्या पोटचा असून!

काकूंनी तोंड उघडलं. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली, आणि डॉटीला वाटलं त्यांनी माफ केलं. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकू तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. स्वतःची एवढी किळस त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

शंतनू घरी आल्यावर एकदाच बोलला. "खलबत्ता होता आई त्यात? खलबत्ता?" बस, तेवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने सांगितलं की चौकशीला माणसं आली होती. त्यांना मोडतोडीत खलबत्ता सापडला. वेस्लीने पडल्या पडल्या सांगितलं की पिशवी मी ठेवली, वजनाची चूक माझी, विद्यार्थ्याला काही माहीत नव्हतं.

"मग तू सांग ना त्यांना," काकू म्हणाल्या. "माझ्या आईने फसवलं म्हणून सांग."

"आई, तू काहीही बोलायचं नाहीस. कुणालाच. ग्रीन कार्डची फाइल मध्येच अडकलीय. फॉरेनर माणूस, फ्लाइंग शिकतोय, आईने लपवून बॅग ठेवली... कसं वाटेल ते ऐकायला? इथे लोक आधीच संशयाने बघतात यार." मग आईचा चेहरा पाहून त्याचा स्वर उतरला. "आणि एकटा तो खलबत्ता नव्हता गं. ऊन फार होतं, गरम हवेत ते नीट उचलत नाही. माझंही वजन वाढलेलं निघालं. शिवाय ते खाली बसायला लागल्यावर वर न्यायचा दांडा मी जास्त ओढला, त्याने पंख्याचा वेगच पडला आणि तो धोक्याचा भोंगा वाजला. बरीच कारणं होती."

त्याने समजूत घालायला सांगितलं, आणि काकू आतल्या आत चिरत गेल्या. ऊन म्हणे. उशीर कुणाच्या पुऱ्यांनी झाला? पोराचं वजन म्हणे. तूप कुणी ओतलं? ज्या कारणाला हात लावावा, तिथे आपलंच बोट. अति तिथे माती, असं सासूबाई म्हणायच्या. पण माती दुसऱ्याच्या पोराची झाली त्याचं काय करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून काकूंचं वाढणं गेलं. स्वयंपाक करत, भांडी टेबलावर मांडत, आणि आपलं आपण घ्या म्हणत. गणपतीत वसाहतीतली मुलं जेवायला आली, सवयीने ताटावर हात आडवे धरून बसली, पण कुणी हात उचलेना. पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाने धीर करून विचारलं, "काकू, आज आग्रह नाही?" काकू चटकन आत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

ऑगस्टच्या अखेरीला डॉटीकडून एक पत्र्याचा डबा आला होता. आत रताळ्याचा केक. वर चिठ्ठी, शंतनूचा खांदा कसा आहे, वेस्ली तुमची आठवण काढतो. शंतनू वेस्लीला फोन करत असे, दोनदा भेटूनही आला. काकू दर वेळी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिल्या. आता तो डबा ओट्यावर पडून होता. काही भरून पाठवावं म्हणून काकूंनी तो कितीदा उघडला. चिवडा हातात घ्यावा तर ती पिशवी आठवे. दिवाळी झाली, तरी डबा तसाच. कुणाचा डबा त्यांच्या घरात असा कधी राहिला नव्हता. नोव्हेंबरात परतीचं तिकीट होतं. जळगावला जाऊन देवापुढे बसलं तरी हे बरोबर येणार, हे काकूंना ठाऊक होतं. एक आई आपल्या निरपराध पोराला हलगर्जी समजत होती, आणि ती तसं समजते आहे तोवर काकूंच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

शंतनू ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेला त्या आठवड्यात त्यांनी प्रतिमाला म्हटलं, "मला डॉटीकडे घेऊन चल. शंतनूला मी नंतर सांगेन. त्याला ओरडू दे."

ग्रीन कार्ड प्रतिमाचंही अडकलेलं होतं. तरी तिने गाडीची किल्ली उचलली. दारात तिचं लक्ष डब्याकडे गेलं. "आई, रिकामाच नेताय?"

"रिकामाच."

डॉटीच्या स्वयंपाकघरात रताळ्याचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ, नुकताच भट्टीतून निघाला होता. खिडकीपाशी वेस्ली कमरेला पट्टा बांधून बसला होता, काठी शेजारी टेकवलेली. काकूंना पाहून तो उठायला लागला, काकूंनी हातानेच बस म्हटलं. फळीवर खलबत्ता होता. मोडतोडीतून परत आलेला, घासूनपुसून ठेवलेला. काकूंनी नजर काढून घेतली आणि रिकामा डबा टेबलावर ठेवला.

प्रतिमा सांगायला पुढे झाली, तिला त्यांनी थांबवलं. हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नव्हतं. वाटेत गाडीत जुळवलेली वाक्यं सगळी विसरली होती. उरली ती तेवढी बोलल्या.

"डॉटी. बॅग, व्हेरी हेवी. आय नो. शंतनू आस्क मी, हाऊ मच? आय लाय. वेस्ली नो मिस्टेक. माय मिस्टेक. ही गुड बॉय. यू नो अँग्री ऑन हिम." आणि मग मराठीत, कारण इंग्रजी संपलं होतं, "तुझ्या पोराने काही चुकवलं नाही गं. मी फसवलं त्याला."

प्रतिमाने शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. डॉटी हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि हळूहळू परत आला. ती काही बोलेल, ओरडेल, घराबाहेर काढेल, म्हणून काकू उभ्याच होत्या. काढलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

बोलला तो वेस्ली. हळू बोलला, आणि एक शब्दही निसटू नये म्हणून प्रतिमा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

"काकू, तुम्ही मला नाही फसवलं. पिशवी मीच उचलली ना. हाताला कळतंच की. किती जड आहे ते मला तिथेच कळलं होतं."

काकूंनी फळीवरच्या खलबत्त्याकडे पाहिलं.

"मी ती गाडीत परत ठेवणार होतो. नंतर रस्त्याने आणली असती. पण तुम्ही समोर उभ्या होतात, इतक्या खूश. मला वाटलं, नको म्हटलं तर तुम्हाला लागेल. तुम्हीच शिकवलं होतंत, प्रेमाने दिलेलं नाकारायचं नसतं. सकाळीसुद्धा तेच. ऊन होतंय हे मला दिसत होतं. म्हणून मी त्या माणसांना खरं तेच सांगितलं. वजन मला माहीत होतं. चूक माझीच होती."

पोराने ते काकूंना हलकं वाटावं म्हणून सांगितलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण इतके महिने काकू एका खोटेपणाचं ओझं वाहत होत्या. आता कळलं की खोटं बोलणं हा त्यातला लहान भाग. पोराला नको म्हणता येत होतं. आईने शिकवून पाठवलं होतं, साधं, स्वच्छ, एकदाच. त्याच्या तोंडचा तो शब्द काकूंनी एकेक पुरी वाढून काढून घेतला होता, आणि वर त्याला शहाणा म्हटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. कुणी त्यांना उगी केलं नाही.

डॉटी मुलाकडे गेली. त्याच्या केसांत हात घालून तशीच उभी राहिली, पाठ काकूंकडे करून. तिने "ठीक आहे" म्हटलं नाही. "जाऊ द्या" म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने ती वळली, सुरी घेतली, पायचे तुकडे केले आणि चौघांपुढे ठेवले. का ठेवले, कोण जाणे. कदाचित पाय तयार होता म्हणून असेल, किंवा हातांना काहीतरी करायचं होतं म्हणून. काकूंनी घास घेतला. गोड होता. तो गिळायला त्यांना वेळ लागला.

बशी रिकामी झाली तशी डॉटी पायचं भांडं घेऊन त्यांच्यापाशी आली. डोळे लाल होते तिचे. तिने विचारलं, "मोअर?"

काकूंनी बशीवर हात आडवा धरला. जन्मभराच्या सवयीने त्यांनी दुसऱ्या विचारण्याची वाट पाहिली.

डॉटीने मान हलवली, म्हणाली, "ओके," आणि भांडं परत नेऊन ठेवलं.

काकूंचा हात बशीवर तसाच राहिला. तो उचलायला कुणी आलं नाही.